वाकडी घडी

गेल्या महिन्यात चार दिवस भाचीकडे राहायला गेले होते. तिच्या स्वयंपाकघरात फ्रिजवर एक कागद लावलेला आहे. पट्टीने चौकटी आखलेला. डावीकडे कामं, उजवीकडे रुपये. कपड्यांच्या घड्या, दहा रुपये. कुंड्यांना पाणी, पाच रुपये. जेवायच्या वेळी ताटं-पाणी घेणं, पाच रुपये. रविवारी हिशेब होतो आणि चौथीतल्या लेकाच्या हातावर पैसे पडतात. कागदावरचं अक्षर आईचं आहे. खालची सही मात्र त्याची. मन लावून केलेली, शेवटच्या अक्षराला मोठी शेपटी काढलेली.

कागद मायेने केलेला होता. मुलाला कामाची सवय लागावी, पैशाची किंमत कळावी, एवढाच हेतू. पहिले दोन महिने सगळं छान चाललं, असं भाची म्हणाली.

मी होते त्या बुधवारी संध्याकाळी पाऊस आला. दोरीवरचे कपडे एकदम ओढून पलंगावर टाकले. भाचीने लेकाला हाक मारली. तो आला. त्याने ढिगाकडे पाहिलं आणि अगदी शांतपणे म्हणाला, "आई, या आठवड्यात मला पैसे नकोत. मी पुढच्या आठवड्यात करतो."

त्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता. आळसही नव्हता. त्याच्या गल्ल्यात नव्या चेंडूपुरते पैसे जमले होते. त्याची गरज भागली होती. कागदावर जे लिहिलं होतं ते त्याने नीट वाचलं होतं आणि त्याचा अर्थही बरोबर लावला होता. काम करा, पैसे घ्या. पैसे नको असतील तर काम नको.

ढिगात वरच त्याचा शाळेचा शर्ट होता.

भाची काही बोलली नाही. आम्ही दोघी घड्या घालायला बसलो. मला ते वाक्य पुढे कितीतरी दिवस आठवत राहिलं. मुलाची चूक शोधायला गेले, तर सापडेना.

मग आमची गच्ची आठवली. उन्हाळ्याच्या सुटीत वाळवणं राखायचं काम आम्हा मुलांकडे असे. पापडांच्या दिवशी पहाटेपासून घरात हिंगाचा आणि मिऱ्यांचा वास. उडदाचं घट्ट पीठ कुटून कुटून मऊ केलेलं. आजी त्याची लांब वळी करी, तिला दोऱ्याचा वेढा देई आणि दोरा ओढी, की एकेक लाटी अलगद सुटून खाली पडे, सगळ्या सारख्या. आई, काकू आणि शेजारच्या बायका लाटायला बसत. मोठी मुलं पापड परातीतून गच्चीवर नेत आणि जुन्या धुवट लुगड्यावर पसरत. चार कोपऱ्यांवर चार दगड. आम्ही धाकटी मंडळी काठी घेऊन पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसत असू. कावळ्यांवर नजर ठेवायची. वारा सुटला की धावायचं. ऊन उतरायच्या आत पापड उलटायचे.

त्याचे पैसे कधी कुणी दिले नाहीत. मिळायची ती तेलात बुडवलेली एक लाटी. कच्ची, तिखट, दातांना चिकटणारी. एका वर्षी चुलतभावाचा पाय मुरगळला होता. तो दिवसभर खाली कॉटवर बसून होता. त्यालाही लाटी मिळाली, अगदी आमच्याएवढीच. आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही. लाटी राखणदारीची नव्हतीच. ती घरातल्या पोरांची होती.

पुढे श्रावणात सणाच्या पानावर तळलेला पापड पडे. पंक्तीला बसलेल्या पाहुण्यांना आजी सांगे, "यंदाचे पापड पोरांनी राखलेत." आम्ही माना खाली घालून जेवत असू. पण त्या एका वाक्याने ते पापड आमचे होऊन जात.

तेव्हा याला काय म्हणायचं ते ठाऊक नव्हतं. आज शब्द सापडतो. आम्हाला मजुरी मिळत नव्हती, वाटा मिळत होता.

दोन्ही शब्द मानाचे आहेत. पण त्यांच्या जागा वेगळ्या. काम संपलं की मजुरी चुकती होते आणि दोन्ही बाजू मोकळ्या होतात. वाटा कधी चुकता होत नाही. मजुरी विचारते, तू किती केलंस? वाटा सांगतो, तू इथला आहेस.

कुणी म्हणेल, मुलाने कष्टाने कमवायला शिकू नये का? शिकावं. भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. निरनिराळ्या जातींची, गरीब घरांतली मुलं तिथे एका छपराखाली राहू लागली. ती स्वतः दळत, स्वयंपाक करत, शेतात राबत. त्यांच्या रयत शिक्षण संस्थेची 'कमवा आणि शिका' ही ओळख याच वाटेवर घडली. त्या तीन शब्दांत 'कमवा' आधी येतं. पण त्या कष्टांवर सगळ्यांची चूल पेटत होती, सगळ्यांचं शिक्षण चालत होतं. आणि मुलांच्या जेवणाची अडचण आली तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी गळ्यातलं मंगळसूत्र दिलं. ज्या घरची माउली असा वाटा उचलते, तिथे दळणाचे पैसे मागावेत असं कुणाच्या मनात येईल?

घरात दीड-दोन वर्षांचं मूल असेल तर त्याच्याकडे जरा पाहत बसावं. आई केर काढायला लागली की ते केरसुणीला लोंबकळतं. पोळ्या चालू असल्या की कणकेचा गोळा मागतं. हातातून चमचा पडला की दुडुदुडु येऊन उचलून देतं. फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो हे दोघे संशोधक जर्मनीत लाइपझिशला काम करत होते. त्यांनी अशाच वीस महिन्यांच्या मुलांचा एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध केला. मोठ्या माणसाच्या हातून वस्तू पडायची आणि मूल ती उचलून द्यायचं. काही मुलांना त्याबद्दल बक्षीस मिळे. काहींचं नुसतं कौतुक होई. काहींना काहीच मिळत नसे. पुढे बक्षीस थांबलं. तेव्हा ज्यांना बक्षीस मिळालं होतं, तीच मुलं मदतीला कमी धावली.

मदत करणं मुलाला आपण शिकवत नाही. ते ती घेऊनच येतं. आपणच घाईत असतो. "राहू दे, तुला नाही जमायचं," म्हणतो. त्याने काढलेला केर पुन्हा काढतो. दोन वर्षांच्या हातातून आपण केरसुणी काढून घेतो. दहाव्या वर्षी तीच केरसुणी त्या हातात द्यायला पैसे मोजतो. मधल्या आठ वर्षांत काय हरवलं, ते मात्र मोजत नाही.

यात आईबापांना बोल लावायचा नाही. त्यांची घाई खरी असते. साडेसातची स्कूलबस, आठ-बाराची लोकल, डबे, पाण्याच्या बाटल्या. मुलाला बरोबर घेऊन केलेलं काम दुप्पट वेळ खातं. पण हा वेळ वाया जात नाही. तो मुलात मुरतो.

शहरातल्या मुलाला आणखी एक गोष्ट रोज दिसते. भांडी घासायला मावशी येतात. केर-फरशीला ताई येतात. महिन्याच्या महिन्याला त्यांना पगार मिळतो. तो मिळायलाच हवा, वेळेवर आणि पुरेसा. पण फ्रिजवरचा कागदही तेच बोलू लागला की मुलाच्या मनात एक समजूत हळूच घर करते. काम म्हणजे ज्याचे पैसे मिळतात ते. मग घरात एक पैसाही न घेता दिवसभर राबणारं माणूस त्याला दिसेनासं होतं.

ते माणूस बहुतेक घरांत आई असते. २०१९ साली केंद्र सरकारने लोकांचा दिवस कशात जातो याची देशभर पाहणी केली. सहा वर्षांवरील मुली आणि बायकांपैकी ८१ टक्के घरचं बिनपगारी काम करत होत्या. मुलगे आणि पुरुषांमध्ये हेच प्रमाण २६ टक्के होतं. जे ही कामं करत होते, त्यांतल्या बायकांची दिवसाची सरासरी २९९ मिनिटं होती, पुरुषांची ९७. मला त्यातले 'सहा वर्षांवरील' हे शब्द टोचले. फरक लग्नानंतर पडत नाही. तो पहिलीच्या दप्तराबरोबर सुरू होतो. पाहुणे आले की मुलीला आपण सांगतो, "पाणी दे." मुलाला सांगतो, "बस, पाणी घे."

घरातल्या कामाला मोल लावलं नाही, तर ते बिनमोलाचं ठरेल अशी भीती काहींना वाटते. भीती रास्त आहे. पण मुलाला दहा रुपये देऊन आईच्या २९९ मिनिटांची किंमत त्याला कळत नाही. ती कळायची तर त्यातली वीस मिनिटं त्याने स्वतः उचलावी लागतात. ज्याने कधी कढई घासली आहे, तो जेवताना करपलेल्या भाजीवरून आरडाओरडा करत नाही.

मग मुलांना पैसे द्यायचेच नाहीत का? द्यावेत. अगदी जरूर द्यावेत. पण तेही वाटा म्हणून. आपल्या भाषेत त्यांना किती साधं नाव आहे, खाऊचे पैसे. गावाला परत निघालेला मामा पिशवी खाली ठेवायचा, आपला हात हातात घ्यायचा, तळव्यावर नाणं ठेवून मूठ मिटायचा आणि म्हणायचा, "खाऊ घे हं." तू किती कामं केलीस, किती मार्क पडले, असं त्याने विचारल्याचं आठवत नाही. जत्रेला निघताना हातावर चार आणे पडत. चार आण्यांचं ते नाणं ३० जून २०११ पासून चलनातून गेलं. मामाने मिटलेली मूठ अजून आठवते.

आज खाऊचे पैसे द्यायचे तर दिवस ठरलेला असावा आणि रक्कम घराला झेपेल एवढी असावी. गुण चांगले पडले म्हणून वाढ नको. बहिणीशी भांडला म्हणून कपात नको. पैसे दिले की त्यांचं काय करायचं, ते त्याला ठरवू द्यावं. पहिल्या आठवड्यात तो सगळे एका दिवसात संपवेल. उरलेले सहा दिवस रिकाम्या खिशाने काढेल. त्या सहा दिवसांत तो जे शिकेल, ते आपल्या सांगण्याने शिकणार नाही. रिझर्व्ह बँकेने २०१४ साली बँकांना मुभा दिली, की दहा वर्षांवरच्या मुलांना आपलं बचत खातं स्वतः चालवू द्यावं. बँक त्याच्या सहीवर विश्वास ठेवते. आपण त्याच्या हातांवर ठेवावा.

पैशातून त्याला हिशेब कळावा, कामातून माणसं कळावीत. दोन्ही शिकणं हवं. पण दोन्ही एका दोरीला बांधली की दोन्हींना गाठ बसते. काम नाही केलं तरी मूल आपलंच असतं. पैसे नको असले तरी घर त्याचंच असतं.

परवा भाचीचा फोन आला. फ्रिजवरचा कागद तिने बदलला आहे. डावीकडची कामं तशीच आहेत. उजवीकडे रुपयांच्या जागी आता तिघांची नावं आहेत, तिचं, नवऱ्याचं आणि लेकाचं. खाऊचे पैसे रविवारी सकाळी, कामाचा विषय न काढता. पहिल्या आठवड्यात लेकाने कपड्यांना हात लावला नाही. दुसऱ्या आठवड्यात त्याचे बाबा एकटेच पलंगावर ढीग घेऊन बसले होते. तो शेजारी येऊन बसला. बराच वेळ नुसता बसला. मग त्याने मोज्यांच्या जोड्या लावल्या. सहा जोड्या. कुणी काही म्हटलं नाही. जाता जाता त्याने बाबांच्या शर्टाची एक घडी घातली.

ती वाकडी होती, असं भाची म्हणाली. एक बाही बाहेर लोंबत होती. मी तिला एवढंच सांगितलं आणि तुम्हालाही तेच सांगावंसं वाटतं. तुमच्या घरातही कधी अशी वाकडी घडी पडेल. मूल खोलीतून गेल्यावर ती मोडून पुन्हा घालू नका. तशीच कपाटात ठेवा. आणि उद्या सकाळी तोच शर्ट घालून बाहेर पडा.