पाळी पाण्याची, पाळी माणसाची
बारामती-इंदापुरात ‘पाळी’ हा शब्द दोन ठिकाणी कानावर येतो: नीरा डाव्या कालव्याच्या चारीवर आणि माळेगाव, भवानीनगरच्या साखर कारखान्यांत. शेजपाळीच्या, म्हणजे शेताशेताला क्रमाने पाणी देण्याच्या रीतीत पाणी आधी चारीच्या शेपटाकडच्या शेताला, मग वरच्याला. कारण वरच्याला पाणी चुकण्याची धास्ती कमी. ज्याची बाजू लंगडी, त्याचा विचार आधी, हे त्यामागचे शहाणपण. उसाचे गाळप सुरू झाले की कारखाना चोवीस तास, तीन पाळ्यांत चालतो. तिथेही हीच कसोटी लावावी. तास आठच असले तरी रात्र शरीराला जड जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये रात्रपाळीच्या कामाला ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात घातले.

कोणी म्हणेल, ज्येष्ठांनी उमेदीत रात्री काढल्या, आता नव्यांनी काढाव्यात. ज्येष्ठतेचा मान खराच. पण तो आपल्या सोयीसाठी दुसऱ्याची झोप मागत नाही. कोणी स्वखुशीने रात्र मागितली तर जरूर द्यावी. मात्र गप्प बसणे म्हणजे होकार नव्हे. पाळीपत्रक वेळेत लागावे, रात्रपाळ्या फिरत्या असाव्यात, अदलाबदलीला वाव असावा. शेपटाचे शेत भिजले, तरच पाळी नीट लागली म्हणायचे.