मार्था, मार्था... आणि चहा कोण करणार?

आजचं वाचन: लूक १०:३८-४२
२९ जुलै, संत मार्था, मारिया आणि लाजर यांचा स्मरणदिन



२०२१ पर्यंत आजचा दिवस एकट्या मार्थाचा होता. पोप फ्रान्सिस यांनी त्यात तिच्या भावाबहिणीलाही घेतलं. पण स्वयंपाकघरात राबणाऱ्यांची आश्रयदाती म्हणून लोक अजून तिचंच नाव घेतात.

उतारा आपल्याला पाठ आहे. येशू घरी येतो. मारिया त्याच्या पायाशी बसून ऐकते, मार्था पाहुणचारात अडकते आणि शेवटी येऊन तक्रार करते की बहिणीने सगळं माझ्या एकटीवर टाकलंय. येशू तिला दोनदा नावाने हाक मारतो आणि म्हणतो की तू किती गोष्टींची काळजी वाहतेस, मारियाने चांगला वाटा निवडलाय.

गेल्या आठवड्यात इथे इंदिरानगरात आमच्या प्रार्थना गटानंतर नुकतीच नोकरीला लागलेली एक मुलगी मला म्हणाली, "दादा, हा उतारा ऐकला की मला रागच येतो. आमच्याकडे गट असला की आईची एकसुद्धा रोझरी पूर्ण होत नाही. पोहे, चहा, परत चहा. मग कुणीतरी काका हाच उतारा काढतात आणि सांगतात, बहिणींनो, मार्था होऊ नका. आणि आमेन झालं की तेच काका विचारतात, चहा झाला का?"

आम्ही हसलो. ती हसली नाही. आणि बरोबर होतं तिचं.

म्हणून आज हा उतारा मी तिच्या आईला डोळ्यांसमोर ठेवून परत वाचला. येशू मार्थाला "चूल विझव" म्हणत नाही. तो बोलतो ते तिच्या मनातल्या ओढाताणीबद्दल. आपल्यापैकी जे आयटीत आहेत त्यांना हे पटकन कळेल: हात एका कामात, डोक्यात पंचवीस टॅब उघडे, आणि प्रत्येकावर लाल ठिपका. दमवतो तो हा प्रकार. नुसतं काम एवढं दमवत नाही.

आता गंमत बघा. मार्थाच्या कामासाठी लूकने जो ग्रीक शब्द वापरलाय तो आहे 'दियाकोनिया', म्हणजे सेवा. हाच शब्द प्रेषितांची कृत्ये ६ मध्ये दोनदा येतो: एकदा विधवांच्या रोजच्या अन्नवाटपासाठी आणि एकदा वचनाच्या सेवेसाठी. दोन्हींना एकच शब्द! आपला 'डीकन' त्याच मुळाचा. स्वयंपाक्यांचा दुसरा मोठा संत, संत लॉरेन्स, हा रोमचा डीकनच होता. सम्राट व्हॅलेरियनच्या काळात, इ.स. २५८ मध्ये तो हुतात्मा झाला. परंपरा सांगते की अधिकाऱ्याने चर्चचा खजिना मागितला तेव्हा त्याने गोरगरिबांना पुढे उभं केलं आणि म्हणाला, हाच आमचा खजिना. त्याला लोखंडी जाळीवर भाजून मारलं असंही परंपरा सांगते, आणि म्हणून तो स्वयंपाक्यांचा संत! (आपल्या पूर्वजांचा विनोद जरा जहालच.) त्याचा सण १० ऑगस्टला.

मारियाकडेही नीट बघू या. पायाशी बसणं म्हणजे नुसतं शांत बसणं नाही, ती शिष्याची जागा आहे. पौलसुद्धा आपण गमलियेलच्या पायाशी शिकलो असं सांगतो. त्या काळी गुरूपुढची ही जागा सहसा पुरुषांची असे. तिथे बसलेल्या बाईला कुणी उठवून आत पाठवायचं नाही, एवढं येशू ठामपणे सांगतो. मग या उताऱ्यावरून बायकांनाच बोलणी कशी काय बसतात, हे मला खरंच कळत नाही.

आणि मार्था काही कमी शिष्या नव्हे. योहान ११ मध्ये भावाच्या मरणाच्या दुःखातही ती येशूला म्हणते की तू ख्रिस्त आहेस, देवाचा पुत्र आहेस. मत्तयात अशी कबुली पेत्र देतो आणि आपण पेत्राला केवढा मान देतो! पुढच्याच अध्यायात ती पुन्हा वाढताना दिसते. म्हणजे वाढणं तिने सोडलं नाही. पण तिथे तिची तक्रार दिसत नाही.

तरी एक प्रश्न उरतोच. एकटीवर टाकलंय, या तिच्या म्हणण्याचं काय? काळजी करू नकोस म्हणणं सोपं असतं, पातेलं उचलून देणं अवघड. मला वाटतं याचं उत्तर लूकच पुढे देतो, पण बाराव्या किंवा तेराव्या नाही, थेट बाविसाव्या अध्यायात. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशू म्हणतो की मी तुमच्यामध्ये सेवा करणाऱ्यासारखा आहे. शब्दाचं मूळ तेच, दियाकोनियाचं. मार्थाचं काम त्याने स्वतःकडे घेतलं. योहान सांगतो की त्याने पाय धुतले. आणि पुनरुत्थानानंतर? समुद्रकिनारी कोळसे पेटवून, मासे भाजून, भाकर ठेवून रात्रभर दमलेल्या शिष्यांना तो म्हणतो, या, न्याहारी करा. मृत्यूला हरवून आलेला देवाचा पुत्र सकाळी सकाळी मासे भाजतोय!

आपल्या नाशिकशी जोडलेल्या लक्ष्मीबाई टिळक आठवतात. त्या आपल्या कॅथोलिक परंपरेतल्या नव्हेत, पण 'स्मृतिचित्रे' वाचलं नसेल तर जरूर वाचा. माहेरच्या कडक सोवळ्यात वाढलेली ही बाई. १८९५ मध्ये नवऱ्याने बाप्तिस्मा घेतला तरी तिचं सोवळं लगेच सुटलं नाही. ते हळूहळू, तिच्या स्वतःच्या विचाराने सुटलं. १९०० मध्ये तिने स्वतः बाप्तिस्मा घेतला, पण त्याच्या आधीच खाण्यापिण्यातली शिवाशिव मनातून गेली होती. बदल आधी पाण्याच्या भांड्याशी झाला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

तर गटात मी एक सुचवलंय: जपमाळ संपेपर्यंत गॅस बंद. घरातले सगळे बाहेर बसतील. नंतर चहा पुरुषांनी करायचा, कपही त्यांनीच विसळायचे. एका काकांचं म्हणणं, "अरे, पण आम्हाला साखरेचा अंदाज नाही." अजून ठरलेलं नाही. पुढचा गट गुरुवारी आहे.

प्रभू येशू, तू किनाऱ्यावर विस्तव पेटवलास. आज ज्या घरात, मेसमध्ये, पोळी-भाजी केंद्रात कुणी एकटं उभं आहे, त्यांच्या शेजारी उभा राहा. आणि आम्हाला तिथे पाठव. आमेन.