कोरी पेटी

म्हैसूरच्या अग्रहारात, एकशेएक गणपतींच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर, एक मराठी कुटुंब राहत होतं. मराठी म्हणजे अशी, की वाक्य मराठीत सुरू व्हावं आणि संपेपर्यंत कानडीत शिरलेलं असावं. घरात दोन चुलत बहिणी होत्या. त्यांना नावानं कुणी हाक मारत नसे, म्हणून इथेही थोरली आणि धाकटीच. शिवाय त्यांची आत्या. मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेली आणि त्यामुळे कुणाच्याही चित्राबद्दल खरं बोलायला मोकळी.

एका दिवाळीला पुण्याचे काका दोन पेट्या घेऊन आले. प्रत्येकीत कॅमलच्या जलरंगाच्या बारा ट्यूब, खारीच्या केसांचे तीन गोल ब्रश आणि जाड कागदाचं एक पॅड. कॅमलवाली कॅम्लिन कंपनी दांडेकरांनी १९३१ साली शाईपासून सुरू केली, हे काकांनी जेवताना दोनदा सांगितलं. मुलींचं लक्ष अर्थातच पेट्यांकडे होतं. तोवर त्यांना शाळेतल्या वड्यांचे रंग तेवढे माहीत होते. ब्रश कितीही घासला तरी कागदावर फिकट धुवण उतरायचं.

थोरलीनं बाराही टोपणं उघडून पाहिली, वास घेतला, नावं वाचली आणि सगळं जसंच्या तसं परत ठेवलं. "हात बसला की काढीन," म्हणाली. पेटी प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी पत्र्याच्या ट्रंकेत, ट्रंकेत डांबराच्या गोळ्या आणि ट्रंक माळ्यावर. घरात तिचं कौतुक झालं. आपल्याकडे वस्तू न वापरणाऱ्या मुलीला समजूतदार म्हणायची पद्धत आहे.

धाकटीनं त्याच रात्री बाराही रंग भरपूर पिळून काढले.

तिचं चित्र ठरलेलंच होतं, समोरचं घर. मंगलोरी कौलं, दोन लाकडी खांब, जगलीच्या, म्हणजे ओट्याच्या, कडेला काव आणि चुन्याचे तांबडे-पांढरे पट्टे. थोरलीलाही ते घर काढायचं होतं, पण नीट, चांगल्या कागदावर, चांगल्या दिवशी. धाकटीनं ते रोज काढलं आणि रोज बिघडवलं. खांब वाकडे, कौलांचा चिखल. ब्रश पाण्याच्या पेल्यात उभा ठेवून ती खेळायला जायची. पॅलेट ओलंच मिटून पेटीत टाकायची. पावसाळ्यात एके दिवशी तिनं पॅलेट उघडलं, तर रंगांवर करडी बुरशी.

आत्या ओरडली नाही. तिनं एक टवका उडालेली पांढरी एनॅमलची थाळी काढली आणि धाकटीला समोर बसवलं.

"जलरंगात असतं काय? रंगाची बारीक पूड आणि बाभळीच्या जातीच्या झाडाचा डिंक. ट्यूबमध्ये तो मऊ राहावा म्हणून थोडं ग्लिसरिन. बुरशीला डिंक आवडतो आणि ओल आवडते. तू तिला दोन्ही वाढून वर झाकण लावलंस."

मग तिनं बुरशीचा थर पुसून टाकला, खालचा खराब रंग खरवडला आणि पॅलेट उघडं ठेवून वाळवायला लावलं. ट्यूबमधून रंग काढायचा तो मटाराएवढा. उरला तर फेकायचा नाही, वाळू द्यायचा. उद्या दोन थेंब पाणी टाकून थोडा वेळ थांबलं की डिंक विरघळतो आणि तोच रंग परत उठतो. ब्रशनं खरवडत बसलं तर रंग उठायच्या आधी ब्रशचं टोक जातं. पाण्याचे पेले दोन हवेत. एक ब्रश धुवायला, दुसरा स्वच्छ पाणी घ्यायला. एकाच पेल्यात सगळं केलं, की पिवळा म्हणून लावलेला रंग शेवाळी उमटतो, आणि पोरं समजतात की आपल्याला रंग जमत नाहीत.

ब्रशच्या बाबतीत मात्र आत्या कडक होती. "पाण्यात उभा ठेवलास की केस वाकतात. पत्र्याच्या नळीत पाणी शिरतं, दांडा फुगतो, आतला डिंक सुटतो. मग चित्र काढताना केस गळतात आणि तू कंपनीला नावं ठेवतेस." काम झालं की साध्या साबणानं धुवायचा, बोटांनी टोक आणायचं, आडवा वाळवायचा. वाळल्यावर हवा तर केस वर करून उभा ठेवायचा.

बाराही रंग थाळीत घ्यायलाही तिनं मनाई केली. एक पिवळा, एक निळा, एक किरमिजी. कौलांचा रंगसुद्धा त्यातूनच काढायचा. पांढरा तर मुळीच नाही. चुन्याचा पट्टा हवा असेल तर तिथला कागद कोरा सोडायचा. धाकटीला हे सगळ्यात अवघड गेलं, कारण जे लावायचं नाही ते आधी ठरवावं लागतं.

हे सांगून पटेना, तेव्हा आत्या दोघींना घेऊन जगनमोहन राजवाड्यात गेली. १८६१ साली बांधलेला हा वाडा १९१५ पासून चित्रशाळा आहे. तिथे दिवा हातात घेतलेल्या बाईचं चित्र आहे. दुसऱ्या हातानं तिनं ज्योत अडवली आहे आणि बोटांमधून तांबूस उजेड झिरपतो आहे. पुष्कळ लोक ते राजा रविवर्म्याचं समजतात. ते आहे सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं. जन्म १८८२, गाव सावंतवाडी. मुंबईत १९०८ साली त्यांनी स्वतःची कलाशाळा काढली. चित्रातली बाई म्हणजे त्यांची मुलगी गीता. पुढे कोल्हापूरच्या उपळेकरांच्या घरात गेली आणि शंभरी ओलांडून २०१८ साली वारली. पण ते खूप नंतरचं.

"तैलरंग ना?" थोरलीनं विचारलं.

"पाण्याचे," आत्या म्हणाली. "तैलरंगात चूक झाली तर वरून झाकता येते. इथे पहिला हात शेवटपर्यंत दिसतो."

धाकटी ज्योतीकडे बघत होती. थोरलीच्या मनात मात्र वेगळंच आलं. इतका हात बसल्याशिवाय पेटी उघडायचीच कशाला? आत्यानं आणलं एकीला समजावायला, आणि दुसरी भलतंच शिकून घरी गेली. शिक्षकांच्या वाट्याला हे येतंच.

चित्राच्या खोलीत इतका अंधार का, हे धाकटीनं विचारलं. ज्योत उठून दिसावी म्हणून, आत्या म्हणाली, आणि उजेडानं जलरंग उडतात म्हणूनही. धाकटीनं ऐकलं आणि विसरली.

मध्ये काही पावसाळे गेले. धाकटीच्या ट्यूबा चेपून सपाट झाल्या. समोरच्या घराची तिची चित्रं खिडकीजवळच्या भिंतीवर चिकटवलेली होती, वाकड्या खांबांपासून बऱ्यापैकी सरळ खांबांपर्यंत. आणि एक दिवस समोर बांबू आणि टेम्पो आले. घर विकलं गेलं होतं, तिथे तीन मजले उठणार होते. अग्रहारात तेव्हा अशी घरं भराभर जात होती.

थोरली धावत माळ्यावर गेली.

पहिली ट्यूब दाबली, दगड. दुसरी, तिसरी, तशीच. वास घेऊन झाल्यावर टोपणं नुसती टेकवली होती, पिळून बसवली नव्हती. उन्हाळे कौलांखाली काढल्यावर आत ओलावा उरणार कसा? डांबराच्या गोळ्या कधीच उडून गेल्या होत्या आणि ब्रशांचे केस कसरीनं खाल्ले होते. कागद तेवढा कोरा होता, कडेला बदामी डाग पडलेला. धाकटीचा ब्रश घेऊन तिनं त्यावर पाण्याचा हात मारला, तर कागदानं पाणी टिपकागदासारखं पिऊन टाकलं.

"कागदाला सरसाचा लेप असतो," आत्या म्हणाली. "रंग वर थोपवून धरतो तो. दमट हवेत, जुना झाला की तो मरतो. आता यावर पेन्सिल चालेल, पाणी चालणार नाही."

थोरली रडली ते रंगांसाठी नव्हे. समोर कौलं उतरवायला सुरुवात झाली होती आणि धाकटीचा ब्रश हातात असूनही, इतकी वर्षं मनात रेखलेलं घर तिला एका रेषेतही येईना. तिनं ते पुष्कळ पाहिलं होतं, काढलं कधीच नव्हतं.

आत्यानं ब्लेड मागवलं. ट्यूबा उभ्या चिरल्या, आतली कांडी काढली, जुन्या शिंपल्यांत ठेवली आणि थेंबथेंब पाणी सोडलं. "डिंक आहे, रुसला तरी परत येतो. अॅक्रिलिक असतं तर फेकावं लागलं असतं." संध्याकाळपर्यंत निळा उठला, पिवळा उठला. किरमिजीनं दुसऱ्या दिवसापर्यंत वाट बघायला लावली.

तोवर समोर दोन खांब आणि आकाश उरलं होतं.

बाकीचं घर थोरलीला धाकटीच्या भिंतीवरून उतरवावं लागलं. तिथेही पंचाईत. खिडकीतलं ऊन रोज त्या चित्रांवर पडलेलं, आणि किरमिजी उन्हाला सगळ्यात कच्चा. कावेचे पट्टे चित्रातून जवळजवळ पुसले गेले होते, कौलं फिकी पडली होती. कुठला तांबडा होता यावर दोघींचं भांडण झालं. थोरली म्हणे गडद, धाकटी म्हणे विटकरी, आणि धाकटीनं तो रंग रोज कालवलेला असल्यामुळे शेवटी तिचंच खरं धरावं लागलं. नव्या कागदावर थोरलीनं हात चालवला. खांब वाकडे आले. आत्या म्हणाली, "वाकडे आहेत. दुसरा कागद घे."

उरलेली चित्रं खिडकीपासून काढून आतल्या कपाटात, पुठ्ठ्यांमध्ये गेली.

पुढच्या दिवाळीला काकांनी पत्रातून विचारलं, काय आणू? धाकटीनं कळवलं, एक किरमिजी, उन्हात टिकणारा. थोरलीनं लिहिलं, तीनशे ग्रॅमचा कागद, पुष्कळ, आणि तो कसा संपला हे पुढल्या वर्षी दाखवीन. आत्यानं खाली स्वतःच्या अक्षरात एक ओळ घातली: ट्यूबा आणल्यास तर टोपणं तपासून आण.