हेतू शुद्ध, पण हत्यार बेकायदा?



महाड-पोलादपूरच्या डोंगरपट्ट्यात रानडुकरांपासून भातशेती राखण्यासाठी बंदूक बाळगण्याची रीत जुनी आहे. समजा, परवानाधारक आजोबा वारले आणि बंदूक माळ्यावर तशीच राहिली; किंवा एखादा नातलग फडक्यात गुंडाळलेली वस्तू घेऊन आला आणि ‘काही दिवस ठेवा’ म्हणाला. घरच्यांच्या मनात पाप नाही. मग दोष कसला, असे तुम्ही विचाराल.

हाच प्रश्न संजय दत्त यांच्या खटल्यात न्यायालयापुढे होता. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ च्या मुंबई दंगलींत, श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानुसार, ९०० माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत ५७५ मुस्लिम होते. कुटुंबाच्या जिवाची भीती वाटली म्हणून शस्त्र घेतले, असे त्यांचे म्हणणे होते. २८ नोव्हेंबर २००६ रोजी विशेष टाडा न्यायालयाने त्यांना दहशतवादाच्या आरोपातून मुक्त केले. परंतु एके-५६ रायफल आणि पिस्तूल विनापरवाना बाळगल्याबद्दल शस्त्र कायद्याखाली दोषी ठरवले. २१ मार्च २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही दोषसिद्धी कायम ठेवून शिक्षा ६ वर्षांवरून ५ वर्षांवर आणली. हेतू आणि कृती यांचे माप न्यायालयाने वेगवेगळे केले.

कर्मांचा आधार हेतूवर आहे, ही हदीस आपण सारे जाणतो. परंतु शुद्ध हेतूने वैध कर्माचे मोल वाढते. निषिद्ध कर्म त्याने वैध होत नाही. चोरीच्या पैशाने केलेले दान जसे पुण्य ठरत नाही, तसेच हे आहे. स्वसंरक्षणाचा हक्क शरीअतने मान्य केला आहे, यात शंका नाही. पण हत्यार धन्याच्या हेतूला बांधलेले नसते. ते मुलाच्या हाती लागते, रागाच्या क्षणी भावावर उगारले जाते. म्हणूनच प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मशिदीतून वा बाजारातून बाण घेऊन जाणाऱ्यास त्यांची टोके हातात धरण्याची आज्ञा दिली, की कोणास चुकूनही इजा होऊ नये. तेथे हेतूचा प्रश्नच नव्हता. प्रश्न शेजाऱ्याच्या सुरक्षिततेचा होता.

आता त्या गुंडाळलेल्या वस्तूचे पाहू. तिला कोणी ‘अमानत’ म्हणेल. हिजरतच्या रात्री जिवावर बेतले असतानाही प्रेषितांनी (स.) लोकांच्या ठेवी परत करण्यासाठी हजरत अली (रजि.) यांना मक्केत मागे ठेवले, अमानतीचे मोल एवढे थोर आहे. पण जे ठेवणेच अपराध, ते लपवणे ही अमानत नव्हे. दत्त यांच्या खटल्यात रायफल घरातून हलवणारे मित्रही दोषी ठरले. बंधू अत्याचारी असला, तर त्याचा हात रोखणे हेच त्याचे साहाय्य, अशी प्रेषितांची (स.) शिकवण आहे.

आपल्याच रायगडच्या किनाऱ्यावर, दिघी व शेखाडी येथे, १९९३ च्या आरंभी शस्त्रे व स्फोटके उतरली. लाच घेऊन डोळेझाक करणारे सरकारी कर्मचारीही त्यात होते. १२ मार्चला मुंबईत २५७ निरपराध जीव गेले. डोळे मिटणाऱ्या प्रत्येकाने स्वतःची समजूत कशीतरी घातलीच असेल.

‘दंगलीत आम्हाला न्याय कुठे मिळाला?’ ही वेदना खरी आहे. तरीही एखाद्या समूहाच्या वैरापायी न्यायापासून ढळू नका, असे दिव्य कुरआन (५:८) बजावतो. आणि न्यायाची साक्ष स्वतःविरुद्ध व आप्तांविरुद्धही द्यावयास सांगतो (४:१३५). अन्यायाविरुद्ध दाद मागणाऱ्याचे हात स्वच्छ असावे लागतात.

म्हणून एकदा आपला माळा तपासा. परवाना संपला असेल, परवानाधारक हयात नसेल, तर शस्त्र विनाविलंब पोलीस ठाण्यात रीतसर जमा करा व पावती घ्या. आणि कोणी गाठोडे आणून दिले, तर नाते तुटेल या भयापेक्षा अल्लाहचे भय मोठे माना. अल्लाह आपल्या घरांना शांती देवो. आमीन.