नातवाच्या कुस्तीसाठी मिस्सा



गेल्या आठवड्यात आपल्या धर्मग्रामातील एक आजी मिस्साचा हेतू लिहून द्यायला कार्यालयात आल्या. आम्ही वही उघडली आणि नेहमीप्रमाणे विचारले, "आजी, कुणासाठी? मृतांसाठी की उपकारस्तुतीची?" त्या म्हणाल्या, "मृतांसाठी नाही फादर. नातवाच्या कुस्तीसाठी."

इतक्या वर्षांत आम्ही नाना तऱ्हेचे हेतू लिहिले आहेत. परीक्षा, नोकरी, व्हिसा, बोअरवेलला पाणी लागावे म्हणूनसुद्धा. कुस्ती पहिल्यांदाच. आजींची लेक आणि जावई पुष्कळ वर्षांपासून अमेरिकेत आयोवा राज्यात राहतात. नातू सोळा वर्षांचा, तिथल्या हायस्कुलात शिकतो आणि १२० पौंडांच्या गटात कुस्ती खेळतो. १२० पौंड म्हणजे साधारण साडेचोपन्न किलो. जिल्हा फेरीतून त्याची राज्य स्पर्धेसाठी निवड झाली आहे. स्पर्धा येत्या आठवड्यात, म्हणजे आपल्याकडे कपाळावर राख लागेल त्याच आठवड्यात.

हेतू लिहायला पेन टेकवले तोच आजी आवाज खाली आणून म्हणाल्या, "अजून एक विचारायचं होतं. पोरगं जेवत नाही हो. लेक सांगते, वजन भरू नये म्हणून. मी म्हटलं, बाबा, अजून तर उपवासाचा काळ लागायचाय. हा कसला उपवास?"

त्या दिवशी आम्ही आजींना उभ्या उभ्या काहीतरी उत्तर दिले. ते आमचे आम्हालाच पटले नाही. म्हणून प्रायश्चित्तकाळाच्या उंबरठ्यावर हे चार शब्द.

आयोवा हा मक्याच्या शेतांचा प्रदेश. कुस्तीचे वेड तिथे आपल्या कोल्हापूर-सांगलीइतकेच. शालेय राज्य स्पर्धा १९२१ पासून चालत आली आहे. बाहेर बर्फ असते आणि डि मॉइन शहरातल्या बंदिस्त क्रीडागृहात पंधरा हजारांच्या आसपास माणूस बसतो. सुरुवातीच्या फेऱ्यांत आठ मॅट शेजारी शेजारी अंथरतात आणि आठ कुस्त्या एकाच वेळी लागतात. कुणाच्या आईने कुठे बघायचे हे तिचे तिनेच शोधायचे! लढत सहा मिनिटांची, दोन-दोन मिनिटांच्या तीन भागांत. दोन्ही खांदे दोन सेकंद मॅटला टेकवून धरले की चितपट. शेवटच्या संध्याकाळी अंतिम लढतींच्या आधी पदके मिळवणारी मुले रांगेने मैदानात चालत येतात आणि सारे क्रीडागृह उभे राहते. त्या रांगेत आपला मुलगा दिसावा म्हणून छोट्या छोट्या गावांतली माणसे वर्षभर वाट पाहतात. आजोबा, बाप, नातू असे तिघांनी तिथे कुस्ती केलेली घराणीही आहेत. आपल्या तालमींत वस्तादाचा शब्द चालतो, खासबागेत हलगी वाजते, तसेच हे. फक्त माती नाही आणि खुराकाचा प्रकार उलटा. आपला पैलवान दूध, तूप, बदाम खाऊन अंग कमावतो, तर तिथले सडपातळ पोर हंगामभर काट्याकडे बघून घास मोजते.

हा काट्याचा प्रकार साधा नाही. खालच्या गटात उतरले तर समोरचा आपल्याहून लहान मिळेल, हा त्यामागचा हिशेब. पण समोरचाही तोच हिशेब करून आलेला असतो. शेवटी दोघे उपाशी, दोघे तहानलेले, आणि फायदा कुणालाच नाही. १९९७ साली नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अवघ्या पाच आठवड्यांत अमेरिकेतील तीन महाविद्यालयीन पैलवान वजन उतरवता उतरवता मरण पावले. अंगावर घाम कोंडणारे रबरी कपडे, गरम खोली, व्यायाम, आणि पाणी बंद. तीन घरांतून तीन तरुण मुले गेली ती थोड्याशा पौंडांपायी. त्यानंतर नियम बदलले. रबरी कपडे आणि वाफेच्या खोल्या बंद झाल्या. २००६-०७ च्या हंगामापासून तिथल्या हायस्कुलांतही मोसमाच्या सुरुवातीला मुलांची तपासणी होते. शरीरात पुरेसे पाणी आहे ना हे लघवी तपासून पाहतात. मुलाच्या अंगात किमान ७ टक्के आणि मुलीच्या अंगात १२ टक्के चरबी राहील त्याखालचे वजन त्यांना गाठू देत नाहीत. आठवड्याला दीड टक्क्याहून जास्त वजन उतरवायचे नाही. हे आम्ही मुद्दाम तपशिलाने लिहिले, कारण आजी हे वाचतील. आजी, पोराच्या मागे डोळे ठेवणारी माणसे तिथे आहेत. तरीही लेकीला फोनवर विचारा की हे सगळे नियमाने चालले आहे ना. विचारायला काही जात नाही.

हे परदेशातले खूळ म्हणून आपण हसू नये. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये आपली विनेश फोगाट अंतिम फेरीत पोचली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ५० किलोच्या काट्यावर अवघे १०० ग्रॅम जास्त भरली. रात्रभर ती झोपली नव्हती, केससुद्धा कापले होते. त्या सकाळी आपल्यापैकी किती जणांच्या डोळ्यांत पाणी आले होते, आठवा.

आता आजींचा प्रश्न. हा कसला उपवास?

ख्रिस्तसभेचा नियम पाहा. मांसाहार वर्ज्य करण्याचे बंधन चौदा वर्षे पूर्ण झाल्यावर लागते. उपवासाचे बंधन मात्र अठरा पूर्ण झाल्यावर, आणि एकोणसाठावे वर्ष संपले की ते सुटते. म्हणजे सोळा वर्षांच्या वाढत्या पोराला आपली आई ख्रिस्तसभा राखेच्या बुधवारीही पोटभर जेवू देते. काटा मात्र त्याला जेवू देत नाही! आम्हाला हे वाचताना नेहमी बरे वाटते. नियम करणाऱ्यांना वाढत्या अंगाची भूक ठाऊक होती. ॲरिस्टॉटलनेही हेच पाहिले होते. त्याने आपल्या राज्यशास्त्राच्या ग्रंथात नोंदवले आहे की ऑलिम्पियाच्या खेळांत मुलांच्या गटात जिंकलेले आणि पुढे मोठ्यांच्या गटातही जिंकलेले असे फक्त दोन-तीनच सापडतात. कारण कोवळ्या वयातल्या अतिरेकी सरावाने त्यांची शक्तीच संपते. सेमिनरीत हा उतारा वाचला तेव्हा आम्ही पुढच्या पानाकडे वळलो होतो. आज कार्यालयात आजींसमोर बसल्यावर त्याचा अर्थ कळला.

पण मग ज्या माणसाने उपवासाला थेट मैदानाची उपमा दिली त्या संत पौलाचे काय? पौल करिंथ शहरात सुमारे दीड वर्ष राहिला. त्या शहराजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियाचे मोठे खेळ भरत. धावणे, कुस्ती, मुष्टियुद्ध. पौल तंबू बनवणारा कारागीर. त्या गर्दीत त्याचे तंबू खपले असतील, असेही काही अभ्यासकांना वाटते. विजेत्याला बक्षीस काय, तर पाइनच्या डहाळ्यांचा किंवा रानसेलरीचा मुकुट. सेलरी म्हणजे आपली कोथिंबीर धरा हवी तर. चार दिवसांत सुकणारी. म्हणूनच करिंथकरांना लिहिताना तो सुकणाऱ्या मुकुटाची गोष्ट काढतो आणि आपण आपल्या शरीराला ताब्यात ठेवतो असे सांगतो. इफिसकरांच्या पत्रात आपले झगडणे रक्तमांसाच्या माणसांशी नाही असे तो सांगतो, तिथे मूळ ग्रीक शब्दच 'पाले' असा आहे, म्हणजे कुस्ती. म्हणजे पौलाला आखाडा चांगला माहीत होता. त्या पोरांची शिस्त, वेळेवर उठणे, जिभेला लगाम या गोष्टींना तो नावे ठेवत नाही. उलट तो करिंथच्या भाविकांना म्हणतो की ही पोरे पालापाचोळ्यासाठी एवढे करतात, मग तुम्ही?

फरक आहे तो ताटात उरलेल्या भाकरीचे काय होते इथे. पैलवानाने न खाल्लेला घास कुणाच्या पोटात जात नाही. संदेष्टा यशया सांगतो की देवाला आवडणाऱ्या उपवासात भुकेल्याला वाटा मिळतो. आणि इथे आम्हाला आपल्याच धर्मग्रामाविषयी थोडे बोलायचे आहे, रागावू नका. दरवर्षी पुनरुत्थानाच्या सणानंतर कुणी ना कुणी आम्हाला सांगते, "फादर, चाळीस दिवस मासळीला शिवलो नाही, चार किलो उतरले." आम्ही कौतुक करतो. पण चाळीस दिवसांच्या मासळीचे पैसे कुठे गेले हे आजवर एकानेच सांगितले. तो रिक्षा चालवतो. शेजारच्या आजारी बाईच्या औषधाला त्याने ते दिले होते. वजन उतरल्याचे त्याने सांगितले नाही. उतरले असेलही.

आता मिस्साच्या हेतूकडे येऊ. नातू जिंकावा म्हणून मिस्सा घालता येते का?

समोरच्या पोरालाही आजी असणारच. आयोवात कॅथलिक घरे पुष्कळ आहेत. तिनेही आपल्या धर्मगुरूकडे हेच मागितले असेल तर परमेश्वराने कुणाचे ऐकायचे? हा प्रश्न आपल्याकडेही दरवर्षी येतो, आणि नेमका याच दिवसांत, कारण दहावी-बारावीच्या परीक्षा याच काळात असतात. "मुलगा वर्गात पहिला यावा" असा हेतू लिहिताना आमचा हात अडखळतो. पहिला एकच येतो. म्हणजे बाकीच्यांच्या मुलांनी मागे राहावे अशी ती प्रार्थना होते, लिहिणाऱ्याच्या मनात तसे नसले तरी. संत थॉमस अक्वायनस म्हणतात की आपण देवाचे मन वळवायला प्रार्थना करत नाही. जे आपल्या प्रार्थनेतूनच आपल्याला द्यायचे असे त्याने योजले आहे, ते मिळावे म्हणून करतो. हे वाचायला अवघड वाटते. याकोबाची गोष्ट घेतली की सोपे होते.

यब्बोकच्या उताराजवळ याकोब रात्रभर एका अनोळखी पुरुषाशी कुस्ती करतो. आपल्या पवित्र शास्त्रातली पहिली कुस्ती तीच. प्रेक्षक नाहीत, पंच नाही, वेळेचे बंधन नाही. पहाट फुटू लागते. त्या पुरुषाने त्याच्या जांघेच्या सांध्याला हात लावला आहे, सांधा निखळला आहे, तरी याकोब सोडत नाही. आणि मागतो काय? आशीर्वाद. "मला जिंकू दे" असे तो म्हणत नाही. त्याला आशीर्वाद मिळतो, इस्राएल हे नवे नाव मिळते, आणि सूर्योदयाला तो लंगडत निघतो. ही कुस्ती कोण जिंकले? आम्ही हा प्रश्न धर्मशिक्षणाच्या वर्गात विचारला होता. एक मुलगी म्हणाली, "फादर, ज्याला घरी जायची घाई होती तो हरला." आम्ही अजून त्यावर विचार करतो आहोत.

आयोवातल्याच वॉटर्लू गावचे डॅन गेबल नावाचे पैलवान आहेत. आजींच्या नातवाला हे नाव पाठ असणार. हायस्कुलात ते एकही लढत हरले नाहीत. महाविद्यालयात ११७ लढती सलग जिंकल्या आणि १९७० च्या मार्चमध्ये अगदी शेवटची, ११८ वी, ११ विरुद्ध १३ गुणांनी हरले. १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये त्यांनी सुवर्णपदक मिळवले आणि प्रतिस्पर्ध्यांना एकही गुण दिला नाही. त्या एका पराभवाने आपल्याला घडवले, असे ते पुढे सांगत आले. त्या मार्चच्या रात्री त्यांच्या आईने विजयासाठी प्रार्थना केली असेल, तर ती ऐकली गेली नाही असे आपण म्हणायचे का?

तर गेल्या शुक्रवारी आजी पुन्हा आल्या. आम्ही त्यांना सांगितले की मिस्सा नक्की घालू, पण हेतू असा लिहू: 'कुस्तीत उतरणाऱ्या नातवासाठी, त्याच्यासमोर येणाऱ्या प्रत्येक मुलासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी, कुणाला इजा होऊ नये आणि सगळ्यांनी रात्री पोटभर जेवावे.' आजींनी ते दोनदा वाचून घेतले. मग वेळेचा हिशेब झाला. फेब्रुवारीत त्यांचे घड्याळ आपल्या साडेअकरा तास मागे. म्हणजे तिथे शनिवारची संध्याकाळ होऊन अंतिम लढतींची रांग मैदानात येईल, तेव्हा इथे प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्या रविवारची पहाट. आपली पहिली मिस्सा. प्रभू येशू चाळीस दिवस उपाशी राहिला ते शुभवर्तमान त्या दिवशी वाचले जाते. भुकेल्या प्रभूला सैतान भाकरीचे सुचवतो, आणि मग देवळाच्या शिखरावर नेऊन गर्दीसमोर उडी मारायला सांगतो, ते.

आजींनी त्या मिस्साला यायचे कबूल केले. मोबाइल घरी ठेवून येईन असेही म्हणाल्या, पण यावर आमचा फारसा विश्वास नाही.

जाताना दारात थांबल्या. "फादर, त्या दुसऱ्या पोरांची नावं लेकीला विचारून आणू का? नावाने प्रार्थना केलेली बरी." आम्ही म्हटले, जरूर आणा. त्या हसल्या. "पण आमचा जिंकला तर वाईट वाटून घेऊ नका हां."

तुमचा धर्मगुरू