रात्रीची मौज

शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी आपल्या एका सुबोध ग्रंथास 'ज्योतिर्विलास' असे नाव दिले आणि त्यापुढे 'अथवा रात्रीची दोन घटका मौज' हे शब्द जोडले. भारतीय ज्योतिषाचा समग्र इतिहास 1896 साली सिद्ध करणाऱ्या विद्वानाने 'मौज' हा शब्द योजावा, हे मला नेहमीच अर्थपूर्ण वाटत आले आहे. आपल्या सुशिक्षित कुटुंबांत या शब्दाविषयी अढी असते. वैशाखात गच्चीवर पडून सप्तर्षींच्या शेपटाच्या वळणाने स्वाती आणि तेथून पुढे चित्रा हुडकणारा मुलगा दिसला, की वडील मंडळी विचारतात, 'याचा उपयोग काय?' प्रश्न अडाणीपणाचा खास नाही. भोवताली दुःख व दारिद्र्य यांचा सुकाळ असताना मनुष्याने रात्रीचे दोन प्रहर तारे मोजण्यात घालवावेत काय, हा नीतीचाच प्रश्न आहे.

यावर छंदी लोकांचे एक ठराविक उत्तर असते, ते असे की आकाश पाहिल्याने मनुष्याचा अहंकार गळतो. मला हे उत्तर पटत नाही. देवयानी दीर्घिकेचा जो अंधुक ठिपका आश्विन-कार्तिकात नुसत्या डोळ्यांनी दिसतो, त्याचा प्रकाश सुमारे 25 लक्ष वर्षांपूर्वी निघाला. या मापाने माझा अहंकार क्षुद्र ठरतो हे खरे. परंतु त्याच मापाने शेजारच्या उपाशी माणसाची भूकही क्षुद्र ठरते. जे माप दोहोंना सारखेच शून्य करते, त्याच्या आधारावर नीती कशी उभारावी? शिवाय दुर्बिणीपाशी बसणारी माणसे इतरांहून कमी भांडखोर असतात, असाही अनुभव नाही.

तेव्हा मौजेचे समर्थन मौजेतच शोधले पाहिजे. त्यासाठी एका माणसाचे चरित्र पाहण्यासारखे आहे. राधा गोविंद चंद्र हे बंगालमधील जेसोरच्या सरकारी खजिन्यात नाणी मोजण्याचे काम करीत. प्रवेश परीक्षेत ते पुनःपुन्हा नापास झालेले. दिवसा दुसऱ्यांचे रुपये मोजावेत व रात्री तारे पाहावेत, असा त्यांचा क्रम होता. 1912 साली त्यांनी तीन इंची दुर्बीण विकत घेतली आणि पुढे रूपविकारी ताऱ्यांचा, म्हणजे ज्यांचे तेज कमी-अधिक होते अशा ताऱ्यांचा, नाद धरला. पद्धत अगदी साधी : शेजारच्या स्थिर तेजाच्या ताऱ्यांशी ताडून पाहावयाचे व अंदाज टिपून ठेवावयाचा. असे 37 हजारांहून अधिक अंदाज त्यांनी अमेरिकेतील रूपविकारी तारे पाहणाऱ्यांच्या संस्थेस पाठविले; 1926 साली त्या संस्थेने त्यांना सहा इंची दुर्बीण पाठवून दिली. एकट्याच्या टिपणाला फारसे मोल नसते. परंतु अमेरिकेत दिवस असतो तेव्हा बंगालमध्ये रात्र असते, आणि त्या वेळी ताऱ्याने जे केले ते कोणी पाहिले नाही तर पुन्हा पाहावयास मिळत नाही. हा कारकून जगाच्या वहीतील कोरी पाने भरीत होता. याबद्दल त्याला नोकरीत बढती मिळावी असे काहीच नव्हते, आणि कोणी सक्ती केली असती तर त्याने ते केलेही नसते. मौज व कर्तव्य यांच्यामध्ये आपण जी भिंत घालतो, ती येथे कोठे घालावी हे मला सांगता येत नाही.

अमेरिकेतील ओहायो प्रांतातला लेस्ली पेल्टियर हा असाच एक शेतकऱ्याचा मुलगा. पोरवयात स्ट्रॉबेरी तोडण्याची मजुरी करून त्याने 18 डॉलरची दुर्बीण घेतली, आणि पुढे 12 धूमकेतू शोधले. उत्तर मुकुटात एक तारा आहे, जो 1866 साली एकाएकी भडकला होता. तो पुन्हा भडकेल या आशेने पेल्टियर त्याच्यावर पंचवीस वर्षे पाळत ठेवून होता. 1946 सालच्या फेब्रुवारीत एका रात्री तो अडीच वाजता उठला. आकाश निरभ्र होते, पण सर्दीची कणकण वाटली म्हणून पुन्हा निजला. तारा भडकला तो त्याच रात्री! (वस्तुतः तो स्फोट अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीच झालेला, त्याची वार्ता तेवढी त्या रात्री पोहोचली.) त्यानंतर त्या ताऱ्याविषयी आपला पूर्वीचा जिव्हाळा राहिला नाही, असे त्याने पुढे लिहून ठेवले.

येथे आपल्याकडील वाचकाच्या ओठांवर निष्काम कर्माचे वचन सहज येईल. मी ते घाईने लावणार नाही. ज्याला काहीच नको होते, तो पंचवीस वर्षे थंडीत उभा राहिला असता काय? पेल्टियर रुसला, कारण त्याचे प्रेम होते. मात्र दुसऱ्या ताऱ्यांकडे पाहणे त्याने सोडले नाही. छंदातली निष्ठा मला इतपतच मानवी हवी आहे.

या मौजेचा आणखी एक गुण सांगतात, की ती दुसऱ्याच्या वाट्यातून काही घेत नाही. मी कितीही वेळ व्याध पाहिला म्हणून शेजाऱ्याचा व्याध उणा होत नाही. हे पूर्वी निरपवाद खरे होते. आता तसे म्हणवत नाही. तारे पाहणाऱ्याने नव्हे, तर दिवे लावणाऱ्याने दुसऱ्याचे आकाश हिरावले आहे. रात्री उशिरा कामावरून परतणाऱ्या स्त्रीला रस्त्यावर उजेड हवा, आणि तिच्या गरजेपुढे माझी आकाशगंगा मी विनातक्रार सोडून देईन. परंतु तिच्या पायांखाली न पडता वर ढगांवर पडणारा जो उजेड आहे, तो कोणाच्या गरजेचा? दिव्याला वरून झाकण घातले तर रस्ता उजळतो व आकाशही राहते, इतकी ही गोष्ट सोपी आहे. जाहिरातींच्या फलकांना तर तेवढी सबबही नाही.

पुण्यात 1944 साली ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. आज त्याच शहरातील हौशी मंडळींना काळोख हवा असेल तर दुर्बिणी गाडीत घालून शहराबाहेर दूर जावे लागते. ज्याच्या घरी गाडी नाही अशा मुलाला आपल्या गच्चीवरून हाताच्या बोटांवर मोजण्याइतके तारे दिसतात, आणि याहून अधिक काही तेथे होते हे त्याला कोणी सांगितलेलेही नसते.