गोष्टींसाठी गोधडी

सुरतेत उधना-लिंबायतकडे दिवस उजाडतो तो लूमच्या खटखटीनं. रात्रपाळी संपवून आलेली माणसं तोंडावर पाणी मारत असतात, दिवसपाळीची माणसं डबा घेऊन निघालेली असतात आणि उंबऱ्याउंबऱ्यावर बायका साड्यांची बोचकी सोडून बसतात. धागा कटिंगचं काम. साडी उलटी करायची, मागे लोंबणारे धागे छोट्या कात्रीनं कापायचे, घडी घालायची, पुढची ओढायची. एका साडीमागे हातात पडतात ते मोजकेच पैसे. देशभर नेसल्या जाणाऱ्या साड्या अशा रोज खानदेशातून आलेल्या, अहिराणी बोलणाऱ्या हातांखालून पुढे जातात.

या बायकांच्या घरात पांघरायला मात्र यातली साडी चालत नाही. सुरतेची साडी बहुतेक पॉलिस्टरची. तिच्यावरून सुई सटकते, ती घाम शोषत नाही, अंगाला चिकटते. गोधडीला लागतं वापरून वापरून मऊ झालेलं सुती कापड. म्हणून जळगाव-धुळ्याकडे गावी गेलेली बाई परतताना आजीचं लुगडं, बाबांचं धोतर पिशवीत घालून आणते. कापडाच्या एवढ्या मोठ्या बाजारपेठेत राहूनही गोधडीचं कापड ट्रंकेतूनच काढावं लागतं.

माझी आई गोधडी शिवायची ते मी फार जवळून पाहिलं आहे. ती फरशीवर आधी लुगडं पसरायची. चारही कोपऱ्यांवर तांब्या, वरवंटा, पितळी डबा, जे हाताला येईल ते वजन ठेवायची. त्यावर फाटक्या चादरी, बंडीचे तुकडे, आमच्या शाळेच्या सदऱ्यांच्या पाठी. मग वरचं अस्तर. टाके घालायला सुरुवात काठापासून. साधा धावदोरा, बोटाच्या पेराएवढा. काठाकाठानं एक फेरा पूर्ण झाला की त्याच्या आत दुसरा, मग तिसरा. शेजारच्या दोघी-तिघी आल्या की चौघी चार बाजूंना बसायच्या आणि काम आत सरकेल तशा गोधडीवरच सरकत यायच्या. सुरुवातीला लांबून मोठ्यानं बोलाव्या लागणाऱ्या गोष्टी शेवटच्या फेऱ्यांत हळू आवाजात व्हायच्या, कारण डोकी जवळ आलेली असायची. जे सगळ्यांत अवघड असायचं ते मधोमध बोललं जायचं. गोधडी पूर्ण व्हायच्या आधी आई गोधडीच्या पोटात पोळीचा लहानसा तुकडा ठेवून वरून टाके घालायची. गोधडी उपाशी राहू नये म्हणून. मी कुरकुरत, हे काय, म्हणायचो. ती म्हणायची, जी दुसऱ्याला ऊब देणार तिला आधी जेवू घालावं.

यंदाच्या थंडीत आपल्या वस्तीत दोन रात्री गोष्टींच्या व्हाव्यात असं माझ्या मनात आहे. खानदेशातून कथा सांगणारे यावेत, वहीगायनाची मंडळी यावीत, इथल्याच म्हाताऱ्या माणसांनी श्रावणातल्या कहाण्या आणि कानबाईच्या सणाच्या आठवणी सांगाव्यात. आपली मुलं गुजराती पाट्या वाचतात, हिंदीत भांडतात आणि मराठी फक्त आजीशी बोलतात. सुरत महापालिकेच्या मराठी शाळा आहेत म्हणून अक्षर तरी टिकलं आहे. पण गोष्ट कानावरच पडावी लागते. द. मा. मिरासदार, शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर गावोगाव कथा सांगत फिरले तेव्हा माणसं ताटकळत बसून ऐकायची. ती सवय आपल्यात आहे, फक्त बऱ्याच दिवसांत कुणी हाक मारलेली नाही.

हाक मारायची तर पैसे लागणार. मांडव, कर्णे, पाहुण्यांचं रेल्वेभाडं, त्यांचं मानधन, दोन वेळचं जेवण. सरळ मार्ग म्हणजे पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरणं. त्यात वाईट काहीच नाही. आपले गणपती आणि सप्ताह वर्गणीवरच उभे राहतात. तरी मला वाटतं, या कामासाठी गोधडी शिवावी. प्रत्येक घरानं वीतभर सुती तुकडा द्यावा आणि सोबत जमेल ती रक्कम. ज्याच्या घरचा तुकडा, त्याचं नाव त्यावर दोऱ्यानं भरावं. रविवारी दुपारी ओट्यावर बसून सगळ्यांनी मिळून टाके घालावेत. शेवटी, गावात नारळाचा किंवा देवाच्या शेल्याचा लिलाव होतो तसा त्या गोधडीचा लिलाव करावा.

ही कल्पना माझी नव्हे. पहिल्या महायुद्धात अमेरिकेतल्या बायकांनी रेडक्रॉससाठी हेच केलं. 1917 च्या डिसेंबरात तिथल्या एका मासिकानं अशा गोधडीचा नमुना छापला होता. थोडे पैसे देणाऱ्याचं नाव चौकोनावर भरायचं आणि पुढे अख्ख्या गोधडीतून मोठी रक्कम उभी करायची. नावं भरलेल्या त्यातल्या कितीतरी गोधड्या तिथल्या संग्रहालयांत अजून आहेत.

आणि आपल्याकडे गाडगेबाबा झाले. 1876 साली अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावात जन्मलेला हा माणूस चिंध्यांचं पांघरूण अंगावर घेऊन हिंडायचा, म्हणून लोक त्यांना गोधडेबुवा म्हणत. कीर्तनाला उभे राहिले की समोरच्यांना प्रश्न विचारत, उत्तरं काढून घेत, त्यांचंच जगणं गोष्टीसारखं त्यांच्यापुढे मांडत. त्या कीर्तनांना लोटलेल्या माणसांनी दिलेल्या पैशांतून नाशिकला, पंढरपूरला, आळंदीला धर्मशाळा उभ्या राहिल्या. स्वतःसाठी त्यांनी काहीच ठेवलं नाही. 1956 च्या 20 डिसेंबरला ते गेले तेव्हाही त्यांची मालमत्ता म्हणून सांगावं असं काही नव्हतं. ठिगळाचं वस्त्र, सांगण्याची ताकद आणि लोकांचा पैसा, तिन्ही एका माणसापाशी इतक्या स्वच्छपणे एकत्र आलेली मला दुसरीकडे दिसली नाहीत.

वर्गणीची पावती आपण खिशात ठेवतो आणि विसरतो. आपल्या आजीच्या लुगड्याचा तुकडा कुठे शिवला गेलाय हे मात्र माणूस जाऊन बघतो. नुसते पन्नास रुपये देणारं घर कार्यक्रमाला येईलच असं नाही. ज्या घरचा तुकडा गोधडीत आहे त्या घरचं पोर पुढे बसतं, बोटानं आपलं नाव दाखवतं आणि तिथे बसल्या बसल्या गोष्ट ऐकतं. मला ते पोर हवं आहे. रक्कम थोडी कमी जमली तर कर्णे कमी लावू, मांडव लहान घालू.

शेजारच्या गुजराती घरांनाही सांगायचं. ते गोदडी म्हणतात, आपण गोधडी; फरक एका अक्षराचा आणि टाके तेच. तापी खानदेशातून इकडे येते, तिच्या काठाकाठानं आपणही आलो, आणि इथल्या माणसांनी आपल्याला सामावून घेतलं. त्यांच्या घरातला तुकडा त्या गोधडीत नसेल तर ती अपुरी राहील. त्यांच्या आजीबाईंचीही एक गोष्ट त्या रात्री व्हावी.

लिलाव होईपर्यंत गोधडी कुणाच्या अंगावर जाणार नाही. दोन्ही रात्री ती सांगणाऱ्याच्या बैठकीखाली अंथरायची, असं मनात आहे. लिलाव ज्याला लागेल त्यानं ती कपाटात ठेवू नये, घरातल्या सर्वांत लहान मुलावर घालावी, एवढी एकच अट.

तेव्हा आज कामावर जायच्या आधी ट्रंक उघडून बघा. सुती लुगडं असेल, धोतर असेल, बाबांचा जुना सदरा असेल. साबणानं स्वच्छ धुवा, उन्हात वाळवा, वीतभर कापून ठेवा. रविवारी दुपारी मी घ्यायला येईन.